बॅटरीची भीती कुणी बाळगावी?



आमच्या लहानपणी बॅटरी म्हणजे विजेरी. रात्री अंगणापलीकडे जायचं तर ती हातात घ्यायची. तिच्या उजेडानं भीती पळायची. तोच शब्द आता मोटारीत जाऊन बसला आणि लोक त्याला घाबरू लागले. भाच्यानं जुनी हायब्रिड गाडी घ्यायचं काढलं तेव्हा त्याची आई, आमची आपा, मला म्हणाली, ‘‘भाईजान, सीटखाली वीज घेऊन पोरंबाळं फिरणार का? आणि ती बॅटरी तीन वर्षांत बसली तर पुन्हा पैसा कुठून आणायचा?’’ एका प्रश्नात नातवंडांचा जीव होता, दुसऱ्यात घरातली सगळी शिल्लक. मी साधा बी. ए., विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. पण शब्दाचा माग काढायची जुनी खोड. वाचत गेलो, गॅरेजमध्येही जाऊन बसलो.

हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतंच, जोडीला विजेची मोटर असते. ब्रेक दाबल्यावर एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती इथं बॅटरीत साठते, म्हणून साध्या हायब्रिडला प्लग लावावा लागत नाही. हा प्रकार कालपरवाचा नव्हे. टोयोटाची प्रिअस जपानात डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली. तिच्या दुसऱ्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइडचे २८ संच एकापुढे एक जोडलेले होते, प्रत्येकी ७.२ व्होल्टचे. म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, त्यावरून अंदाज करा. खेळणं नव्हे ते.

आधी पैशाचं बोलू. ही बॅटरी काठोकाठ भरू दिली जात नाही आणि तळ गाठेपर्यंत रितीही होऊ दिली जात नाही. गाडीतला संगणक तिला सतत मधल्या पातळीवर राखतो. जुनी माणसं दोन घास कमी खायला सांगायची, तसंच हे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं २०११ मध्ये २००२ सालची, दोन लाख मैलांहून जास्त धावलेली प्रिअस तपासली. मूळच्याच बॅटरीवर तिची सरासरी नव्या गाडीच्या जवळपास तेवढीच भरली. भारतात टोयोटा हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. मात्र जुनी गाडी घेताना बॅटरीला थंड हवा पुरवणारी जाळी बघाच. अनेक गाड्यांत ती मागच्या सीटजवळ असते. तिथं पिशव्या कोंबल्या, धूळ साचली, की बॅटरी तापते आणि लवकर थकते. आणि सकाळी गाडी चालूच झाली नाही तर घाबरू नका. बऱ्याचदा मोठी नव्हे, साधी १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते.

आता पाण्याचं. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हापासून आमच्याकडे हा प्रश्न हमखास निघतो. पाण्यातल्या हायब्रिडला हात लावला तर शॉक बसेल का? मोठ्या बॅटरीच्या दोन्ही तारा गाडीच्या पत्र्यापासून अलग ठेवलेल्या असतात. गाडी बंद केली किंवा जोराची धडक बसली की आतले रिले उघडून वीज बॅटरीच्या पेटीतच अडते. त्यामुळे पत्र्याला हात लावून माणूस चिकटेल ही धास्ती निराधार आहे. पण बुडालेली गाडी वाळवून लगेच चालू करणं, हा वेडेपणा. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यू जर्सीच्या बंदरात समुद्राचं पाणी शिरून फिस्कर कंपनीच्या १६ हायब्रिड गाड्या जळाल्या. कंपनीनं दोष दिला तो मोठ्या बॅटरीला नव्हे, तर खाऱ्या पाण्यानं खराब झालेल्या, १२ व्होल्टवर चालणाऱ्या एका भागाला. भिजलेली गाडी घरापासून दूर उभी करावी आणि जाणकाराला बोलवावं.

माझ्या मते या सगळ्यात एक गंमत आहे, गंमत कसली, काळजीच. मागे बसणारा घाबरतो, आणि ज्यानं खरोखर जपायला हवं तो मिस्त्री बिनधास्त पान्हा लावतो. जाड नारिंगी तारा म्हणजे उच्च दाबाची वीज. आधी गाडी बंद करायची, १२ व्होल्टची बॅटरी सोडवायची, मग सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवायचा. तरीही दहा मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज मागे उरलेली असते. शिवाय ‘रेडी’चा दिवा लागलेला असेल तर गाडी मुकी वाटते आणि इंजिन मध्येच आपणहून सुरू होतं. तेव्हा बॉनेटखाली बोटं असली तर?

आमच्या आळीतल्या मिस्त्रीचा मुलगा हे काम रीतसर शिकून आला आहे. त्याचे रबरी हातमोजे मी पाहिले. काम सुरू करण्याआधी तो मोज्याचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडतो, मोजा कानाशी धरतो आणि बारीकशी फुसफुस येते का ते ऐकतो. तेवढा वेळ गॅरेजमधला रेडिओ बंद असतो.