परका मुलूख आणि आपली ओळख
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपली जी मुलेबाळे परदेशी जाऊन स्थिरावली, त्यांची ओळख टिकावी कशी, या विषयावर मी दोन शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आज्ञा मोडण्याचे धैर्य नसल्यामुळे मी आपणापुढे उभा आहे. वास्तविक ‘टिकावी कशी’ या प्रश्नाच्या आधी ‘बनते कशी’ हा प्रश्न येतो, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे एका महिला मंडळापुढे व्याख्यान दिले. परक्या संस्कृतीत जाऊन पडणाऱ्या माणसाला जो धक्का बसतो, त्याला त्याने जवळजवळ एखाद्या आजाराचे स्वरूप दिले. त्याच्या मते या आजाराचे मूळ मोठ्या तत्त्वांत नसते. ते असते अगदी क्षुल्लक खुणांत. भेटल्यावर हात केव्हा पुढे करावा, निमंत्रण केव्हा स्वीकारावे, कोणाचे बोलणे खरे धरावे आणि कोणाचे केवळ शिष्टाचाराचे, या खुणा आपण आईच्या मांडीवर शिकतो आणि शिकलो हेही विसरतो. परक्या मुलुखात त्या एकाएकी निरुपयोगी ठरतात.

आपल्याच घरचे उदाहरण घ्या. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्या आग्रहाला ‘नको’ म्हणावे, दुसऱ्याही आग्रहाला ‘पुरे’ म्हणावे, आणि तिसऱ्याला पानावरचा हात हळूच काढून घ्यावा, ही रीत आहे. वाढणाराही ती जाणतो. हाच पाहुणा इंग्लंड-अमेरिकेत गेला की तेथील यजमान त्याचा पहिला ‘नको’ प्रामाणिक समजतो आणि भांडे उचलून आत नेतो. यात दोघांपैकी कोणीच असभ्य नसतो. मात्र आपला मनुष्य उपाशी राहतो आणि रात्री घरी पत्र लिहितो की येथील लोक फार रुक्ष आहेत!

आधी नवलाई, मग चीड, मग सावरणे आणि शेवटी रुळणे, अशा चार अवस्था ओबर्गने सांगितल्या. ही शिडी मला थोडी फारच सरळ वाटते. माणसे तिच्यावरून वर चढतात तशी खालीही घसरतात. शिवाय परत आल्यावर स्वतःच्याच गावी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. तथापि त्याचे निदान खरे आहे. खुणा हरवल्या म्हणजेच आपण काय होतो हे आपल्याला प्रथम कळते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, सेरामपूर येथील भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत मात्र प्रश्न तत्त्वाचा न येता लुगड्याचा आला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, आणि ती थंडी उघड्या पायांना सोसवेना. त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसावयास सुरुवात केली. आहार शाकाहारी ठेवला; मुक्काम ख्रिस्ती कुटुंबांच्या स्नेहाच्या छायेत असूनही धर्म बदलला नाही. १८८६ साली पदवी घेतली आणि पुढल्याच वर्षी, वयाच्या २२ व्या वर्षात, पुण्यास देह ठेवला. काय सोडावे आणि काय धरावे, याचा निवाडा त्या कोवळ्या वयाच्या मुलीने एकटीने केला. तेव्हा पुण्यात बसून तो निवाडा तपासणाऱ्यांची उणीव नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

आता ज्या समाजाविषयी मला आज विशेष बोलावयाचे आहे, तो आपला शेजारी आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले मूळ, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवावा, शनिवारी तो बंद ठेवावा, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावावरून आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरात मराठी, लग्नात मेंदी, नवस फेडताना एलिया प्रेषिताच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा. आणि शब्बाथ, सुंता व खाण्यापिण्याचे निर्बंध मात्र पिढ्यानुपिढ्या अभंग. शेजारच्या गावकऱ्याने त्यांना कधी विचारले नाही की तुम्ही खरे कोण. ते शनिवार तेली होते, एवढे गावाला पुरेसे होते.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्मास आले आणि त्यांतील पुष्कळ कुटुंबे पूर्वजांची भूमी म्हणून तिकडे गेली. लोद, दिमोना, बीरशेबा, अशदोद अशा ठिकाणी त्यांची वस्ती झाली. येथे ते यहुदी म्हणून वेगळे होते. तेथे उतरताच ते ‘होदी’, म्हणजे हिंदुस्थानी, ठरले! काहींना वागणुकीतील भेद इतका झोंबला की १९५१-५२ च्या सुमारास त्यांनी तेल अवीव येथे धरणे धरून परत पाठवण्याची मागणी केली, आणि ते मुंबईस परतही आले. त्यांपैकी काही पुढे पुन्हा इस्रायलला गेले. घर कोणते, याचा निर्णय त्यांना दोनदा करावा लागला.

पण खरा घाव त्यानंतर बसला. १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने विवाह लावणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह इतर यहुद्याशी लावण्यापूर्वी तिच्या आईची, आजीची व शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी कोकणच्या समुद्रकाठी, कोणी पाहत नसताना, शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांच्या आज्यांचे दाखले मागितले गेले. समाज चवताळून उठला. १९६४ साली जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. त्याच वर्षी तेथील संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे अधिकार इतरांच्या बरोबरीचे आहेत असे ठरविले, आणि धर्मपीठाला त्या सूचनेतून बेने इस्रायलांचे नाव काढावे लागले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच लोकांनी पुढे इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. कोकणात असताना मराठी ही त्यांच्या ओळखीची खूण नव्हती; ती तर सगळ्यांचीच होती. हिब्रू बोलणाऱ्या लोकांत गेल्यावर ती त्यांची खूण झाली. आपण ज्याला स्वत्व म्हणतो ते अशा रीतीने कधीकधी घर सोडल्यावर घडते. तंजावरकडील मराठी कुटुंबांची गोष्ट थोडीफार अशीच आहे. भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले, पण तमिळ शब्दांनी भरलेली ती मराठी त्यांच्या माजघरात मागे राहिली. पुण्यामुंबईच्या माणसाला ती ऐकून हसू येते. माझ्या मते त्या हसण्यात मोठेसे शहाणपण नाही.

हे सारे आजच सांगण्याचे कारण आपणांपैकी अनेकांनी ओळखले असेल. मंडळाच्या नव्या कुटुंबसूचीत, ज्यांच्या आईवडिलांपैकी एक जण ज्ञातीबाहेरचा आहे अशा मुलांची नावे वेगळ्या पुरवणीत छापावीत, असा ठराव दुपारच्या सभेपुढे येत आहे. ठराव आणणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतू नोंदी नीट राहाव्यात एवढाच आहे, हे मी जाणतो. परंतु त्यासाठी जो नमुना-अर्ज तयार केला आहे, त्यात मुलाच्या आजीचे माहेरचे कूळ विचारणारा रकाना आहे. बाराशे कोसांवरून सुट्टीत येणारा, मोडक्या मराठीत का होईना पण आजीशी बोलू पाहणारा एखादा मुलगा उद्या ती सूची उघडील आणि आपले नाव कोठे आहे ते शोधील. त्याला ते पुरवणीत सापडावे, हे मला मान्य नाही. सबब या ठरावाच्या विरुद्ध मी मत देणार आहे आणि तो रकाना अर्जातून काढून टाकावा अशी उपसूचनाही मांडणार आहे. तिला अनुमोदक हवा आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी भोजनोत्तर मला भेटावे.