ब्रेड मशीन घ्यायचं? आधी हिशोब, मग मशीन

(पानशेत येथे महिला बचत गटांच्या मासिक सभेत दिलेल्या माहितीपर भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे घरी ब्रेड करायचं मशीन. हा विषय का घेतला ते आधी सांगते. आपल्याकडे मोबाईलवर या मशीनच्या जाहिराती येतात. पीठ-पाणी टाका, बटण दाबा, ब्रेड तयार. ते बघून गटाच्या बैठकीत काही जणींनी विचारलं, "मशीनला गटातून कर्ज मिळंल का? घरी पण होईल आणि पर्यटकांना विकता पण येईल." प्रश्न चांगला आहे. पण कर्ज गटाचं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या बचतीचं. म्हणून मशीन काय करतं, काय करत नाही आणि पैसे कधी वसूल होतात, हे तिन्ही आज नीट बघू.

मशीन काय करतं?

पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला. गोव्यात पोदेर पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर वापरायचे, आता यीस्ट वापरतात. पीठ मळायचं, फुगू द्यायचं आणि भाजायचं, ही तीन कामं ब्रेड मशीन एकाच डब्यात करतं. डब्याच्या तळाला एक पातं असतं, ते मळतं. बाजूला हीटर असतो, तो आधी मंद ऊब देतो आणि शेवटी भाजतो. याला साधारण तीन ते साडेतीन तास लागतात.

हे मशीन तयार करण्यात एका बाईचा मोठा हात आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या मशीनमध्ये पीठ नीट मळलं जात नव्हतं. तेव्हा कंपनीतल्या इकुको तनाका ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाव कारागिराकडे शिकायला गेल्या. तो पीठ ओढताना पीळ देतो, हे त्यांनी हेरलं. मग डब्याला आतून उभ्या कडा दिल्या आणि १९८७ मध्ये मशीन बाजारात आलं. म्हणजे मशीनलाही हाताची कला शिकावीच लागली. ती कला आपल्या हातात आधीपासून आहे.

आपलं पीठ आणि ब्रेड

ब्रेड फुगतो तो गव्हातल्या चिकट ताणामुळे. तांदूळ आणि नाचणीत तो ताण नसतो. म्हणून तांदळाच्या भाकरीला आपण उकड काढतो, नाहीतर ती थापताना फाटते. मशीनमध्ये नुसतं नाचणीचं पीठ टाकलं तर ब्रेड होणार नाही, वीट होईल. चक्कीवरच्या गव्हाच्या पिठात कोंडा असतो, त्यामुळे ब्रेड जड होतो आणि पाणी जास्त लागतं. सुरुवातीला अर्धा मैदा, अर्धं गव्हाचं पीठ घ्या. नाचणी घालायची तर १० भाग पिठात १ भाग, फार तर २ भाग.

पैशाचा हिशोब

आता वहीत लिहून घ्या. भाव थोडे इकडे-तिकडे होतील, तेव्हा आपापले भाव घालून बघा.

एका ब्रेडला ४०० ग्रॅम मैदा, ४० रुपये किलोने १६ रुपये. यीस्ट ५ ग्रॅम, ३ रुपये. तेल ३ रुपये. साखर-मीठ १ रुपया. वीज अर्ध्या युनिटपेक्षा कमी, ३ रुपये धरा. झाले २६ रुपये. ब्रेड भरतो साधारण ६०० ग्रॅम. दुकानातला ४०० ग्रॅमचा ब्रेड ४० रुपयांना धरला, तर ६०० ग्रॅमचे ६० रुपये होतात. म्हणजे एका ब्रेडमागे ३४ रुपये वाचले.

साधं मशीन ७,००० रुपयांचं धरू. आठवड्याला दोन ब्रेड केले तर महिन्याला ८ ब्रेड, बचत २७२ रुपये. मशीनचे पैसे फिटायला २६ महिने लागतात. महिन्याला एकच ब्रेड केला तर १७ वर्षं! तोवर मशीन राहील का?

आता कर्ज बघा. ७,००० रुपये दहा हप्त्यांत, महिना १ टक्का व्याजाने घेतले तर दर महिना ७०० रुपये मुद्दल आणि एकूण ३८५ रुपये व्याज. बचत होते २७२ची, हप्ता आहे ७००च्या वर. बाकीचे पैसे कुठून येणार? मजुरीतून की दुधाच्या पैशातून? ते आधीच ठरलेलं असेल तर मशीन जरूर घ्या. "ब्रेडच फेडेल" असं मात्र कुणी म्हणू नका, कारण ब्रेड फेडत नाही.

विक्रीसाठी चालेल का?

पावसाळ्यात शनिवार-रविवारी धरणाकडे गर्दी होते, तोरणा-राजगडाला जाणारे वेगळेच. पण त्यांना वडापाव लागतो, आणि वडापावला लादी पाव लागतो. हे मशीन लादी पाव करत नाही, एक ठोकळा ब्रेड करतं, तोही तीन तासांत. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ चालवलं तरी तीनच ब्रेड. एवढ्यावर टपरी चालत नाही.

शहरातून येणाऱ्याला ब्रेड त्याच्या घरी मिळतो. इथं येऊन तो मागतो ती तांदळाची, नाचणीची गरम भाकरी आणि पिठलं. ती बनवायला आपल्याला मशीन लागत नाही. विक्रीसाठी पैसे घालायचेच असतील तर आधी चुलीची, शेगडीची, बसायच्या जागेची सोय करा.

तरी बेकरीचाच धंदा करायचा असेल, नाचणीची बिस्किटं, ऑर्डरचे ब्रेड, तर ब्रेड मशीनपेक्षा ओव्हन बरा. त्यात एकावेळी दोन साचे बसतात आणि बिस्किटंही होतात. विक्री करायची तर अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाला ३५ टक्के अनुदान आणि गटातील सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद केली होती. अर्ज करण्याआधी चालू नियम तालुका कक्षात विचारून घ्या.

घ्यायचं ठरलं तर काय बघायचं?

१. मधे लाईट गेली तर मशीन किती मिनिटं लक्षात ठेवतं? आपल्याकडे हा पहिला प्रश्न. काही मशीनमध्ये दहा-पंधरा मिनिटांची सोय असते, काहींत काहीच नसते.

२. 'फक्त मळणे' आणि 'फक्त भाजणे' ही बटणं वेगळी आहेत का? लाईट गेल्यावर हीच कामाला येतात.

३. डबा आणि पातं सुटं मिळतं का? दुरुस्ती पुण्यात होते का? बिल आणि वॉरंटी कार्ड नीट ठेवा.

४. ब्रेड मशीन साधारण ५५० ते ६०० वॅटचं असतं, ते साध्या प्लगवर चालतं. ओव्हन १,५०० वॅटच्या आसपास असतो, त्याला मोठा १६ अँपिअरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग लागतं. एक्स्टेंशनच्या वायरवर लावू नका.

वापरताना

आधी डब्यात कोमट पाणी २५० मिली, तेल, साखर, मीठ. पाणी कढत नको, यीस्ट मरतं. त्यावर पीठ. पिठात खळगा करून शेवटी यीस्ट. पहिली दहा मिनिटं मळून झाली की झाकण उघडून बघा. गोळा चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि बोटाला किंचित चिकटणारा हवा. कोरडा वाटला तर चमचाभर पाणी, फार पातळ वाटला तर चमचाभर पीठ. पावसाळ्यात आपल्याकडं पीठ दमट होतं, तेव्हा पाणी चमचा-दोन चमचे कमीच घ्या.

ब्रेड झाला की लगेच डब्यातून काढून जाळीवर ठेवा आणि तासाभराने कापा. गरम कापला तर आत चिकट लागतो. यात टिकवायचं औषध नसतं, म्हणून पावसात दोन दिवसांत संपवा. बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून खाऊ नका, सगळा टाका. डब्यात लोखंडी चमचा किंवा तारेची घासणी घालू नका.

मळताना लाईट गेली तर गोळा काढून हाताने मळा, फुगू द्या आणि पातेल्यात भाजा. जाड बुडाचं मोठं पातेलं, आत स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं रिकामं तापवा, मग साचा ठेवून मंद-मध्यम आचेवर ४० मिनिटांच्या आसपास भाजा. पाणी घालायचं नाही. कुकर वापरला तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा.

यातच माझी शेवटची सूचना आली. मशीन घ्यायच्या आधी महिनाभर याच पातेल्यात ब्रेड करून बघा. यीस्टचं पाकीट आणि साचा एवढाच खर्च. किती वेळा केला, घरात कोण खातं, किती उरला, ते वहीत लिहा. महिन्यात आठ ब्रेड झाले आणि संपले, तर ती वही घेऊन गटाच्या बैठकीत या, आपण कर्जाचा विचार करू. दोनच झाले असतील, तर ७,००० रुपये वाचले म्हणून समजा.

गटाच्या पंचसूत्रीत नियमित कर्जफेड आहे. ती हप्त्याच्या दिवशी नाही, कर्ज मागायच्या दिवशीच सुरू होते.