बंद तुमचा, भूक आमची

(पांढरकवडा इथं वस्तीतल्या तरुणांपुढं केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘कोरोनातली बंदी आणि आपण’. काही जण म्हणतील, ३१ मार्च २०२२ ला मंत्रिमंडळानं उरलेसुरले निर्बंध उठवले, आता मढं कशाला उकरता? मढं उकरावं लागतं, कारण पंचनामाच झालेला नाही. बंदीत कोणाचं किती गेलं हे कोणी लिहून ठेवलं नाही. रोग पुन्हा येईल, दुसरी आपत्ती येईल, आणि हुकूम निघेल तो असाच निघेल. तेव्हा आज हिशेब मांडू.

शहरातून आलेल्या पोरांसाठी आधी गाव सांगतो. पांढरकवडा म्हणजे केळापूर तालुक्याचं ठिकाण. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग इथून जातो. पुढं पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागतं. हा कापसाचा मुलूख. कापूस विकला गेला तर बाजार हलतो, बाजार हलला तर आपली हातगाडी हलते. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला तेव्हा सरकारी कापूस खरेदीही थांबली. शेतकऱ्याच्या घरात कापसाचा ढीग आणि खिशात दमडी नाही. त्याच्याकडं पैसा नाही म्हणजे मजुराकडं नाही, मजुराकडं नाही म्हणजे टपरीवर गिऱ्हाईक नाही. आणि याच महामार्गावरून हैदराबादकडची कामकरी माणसं डोक्यावर बोचकी घेऊन, पोरं कडेवर घेऊन उत्तरेकडं चालत निघाली. साऱ्या देशाला घरात बसा म्हणून सांगितलं होतं. ज्यांना घरच नव्हतं त्यांना काय सांगितलं होतं?

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, रोग पुन्हा उसळला तो विदर्भातून. अमरावती बंद झाली, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही निर्बंध आले. मग एप्रिल. ४ एप्रिलला राज्य सरकारनं घोषणा केली. लोकांनी ऐकली ती शनिवार-रविवारच्या टाळेबंदीची. आदेश हातात पडला तर जीवनावश्यक सोडून सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत पूर्ण बंद. राज्यभर व्यापारी खवळले, फलक घेऊन आपापल्या दुकानांपुढं उभे राहिले. तरी सरकारनं दोरी आणखी आवळली. १४ एप्रिल २०२१ ला रात्री आठपासून संचारबंदी. ही तारीख मला विसरता येत नाही. बाबासाहेबांच्या जयंतीच्या रात्री महाराष्ट्राला कुलूप लागलं.

व्यापाऱ्याचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. दुकानाचं भाडं थांबत नव्हतं, वीजबिल थांबत नव्हतं. गावातला लहान कापडवाला, भांडीवाला भिकेला लागायची वेळ आली. पण राग कोणाचा ऐकू जातो, हे बघा. व्यापाऱ्याकडं संघटना आहे, आमदाराचा नंबर आहे, वार्ताहर त्याच्या ओळखीचा आहे. त्याला शटर आहे, म्हणून बंद शटरचा फोटो निघतो. ज्याला शटरच नाही, त्याचा बंद कोणाला दिसणार?

बस स्टँडबाहेर छत्री उघडून चप्पल शिवणारा. आठवडी बाजारात ताडपत्रीवर बांगड्या मांडणारी बाई. सुपं-टोपल्या विणणारा बुरड. आणि बँडवाले! विदर्भात लग्नातला बँड कोणत्या वस्तीतून येतो हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? २२ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या आदेशानं लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत उरकायचं ठरलं. आता २५ माणसांत बँडवाले मोजायचे की मामा-मावशा मोजायच्या? आमच्या वस्तीतला एक सनईवाला मला म्हणाला, “आमाले कोनं बंद नाई केलं बावा. लगनच लहान करून टाकलं. आमी कोनाच्या नावानं बोंबलावं?”

मित्रांनो, यात सगळं आलं. दुकानदाराला निदान कोणी बंद केलं हे कागदावर आहे. आपल्याला बंद केल्याचा कागदसुद्धा नाही.

आता सरकारनं काय दिलं ते बघू. १३ एप्रिल २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. नोंदणीकृत फेरीवाल्याला १,५०० रुपये. नोंदणीकृत बांधकाम मजुराला १,५००. नोंदणीकृत घरकामगार बाईला १,५००. परवानाधारक रिक्षावाल्याला १,५००. आदिवासी कुटुंबाला खावटीचे २,०००. अन्नसुरक्षेच्या कार्डावर महिनाभर तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ फुकट. शिवभोजन थाळी फुकट. दिलं नाही असं आपण म्हणणार नाही. दुसऱ्या राज्यांनी यातलंही किती दिलं हा प्रश्न आहेच. पण भागाकार करा. जी बंदी पंधरा दिवसांची म्हणून आली ती वाढत वाढत १ जूनपर्यंत गेली. म्हणजे ४८ दिवस. १,५०० भागिले ४८. दिवसाचे सुमारे ३१ रुपये. घरात माणसं पाच धरली तर माणशी सहा रुपये. सहा रुपयांत चहाही येत नव्हता, आणि चहाची टपरी तर बंदच होती.

आणि त्या यादीतला एक शब्द नीट ऐका. ‘नोंदणीकृत’. हा शब्द म्हणजे गावाची जुनी वेस आहे. वेशीच्या आत असशील तर तुला १,५००, बाहेर असशील तर तू नाहीसच. फेरीवाल्यांचा २०१४ चा केंद्राचा कायदा शहरांसाठी आहे. खेड्यांतल्या बाजारात आज इथं, उद्या तिथं पसारा मांडणाऱ्याची नोंद कोण करणार? सनईवाल्याची नोंद कोण करणार? १ जून २०२० ला केंद्रानं पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना काढली. तीही शहरातल्यांसाठीच, आणि दहा हजारांचं दिलं ते कर्ज. हात बांधायचे, आणि मग त्याच हातात कर्जाची वही द्यायची!

आता क्रम बघा, काय आधी उघडलं आणि काय नंतर. २०२० मध्ये दारूची दुकानं राज्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उघडायला लागली. मेच्या मध्यापासून दारू घरपोच द्यायलाही परवानगी झाली. न्हाव्याचं दुकान उघडलं २८ जूनला, तेही केस कापा, दाढी करू नका या अटीवर. दारूत सरकारचा कर आहे, वस्तऱ्यात नाही. रोग कुठं पसरतो हा प्रश्न डॉक्टरांचा. तिजोरी कुठं भरते हा प्रश्न सरकारचा. आणि पुढच्या वर्षी दारूची दुकानं बंद पडली, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात वणीला नशेसाठी सॅनिटायझर पिऊन सात माणसं मेली. एप्रिल २०२१. हात धुवायचं औषध घशात गेलं. त्या माणसांचं नाव कोणाच्या भाषणात आलं नाही.

सगळंच बंद होतं असंही नाही. झाडू बंद नव्हता. गटार बंद नव्हतं. सगळा महाराष्ट्र दाराला कडी लावून बसला होता तेव्हा झाडूवाली बाई पहाटे रस्त्यावर होती. ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून तिच्यावर फुलं उधळली, थाळ्या वाजवल्या. पण अत्यावश्यक माणूस ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर का राबतो, हे त्या थाळ्यांच्या आवाजात कोणी विचारलं नाही. माणसामाणसात अंतर ठेवा, हे आम्हाला नव्यानं शिकवायची गरज नव्हती. या देशानं ते अंतर आमच्यापासून हजारो वर्षं राखलं. पण काम आमच्याकडून करून घेताना ते अंतर कधी आडवं आलं नाही.

आता कायद्याकडं या. इथं कान देऊन ऐका, कारण आपली खरी लढाई इथं आहे.

ही बंदी दोन कायद्यांवर उभी होती. एक १८९७ चा साथरोग कायदा. पुण्या-मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी केलेला. हुकूम मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेचं कलम १८८. हुकूम राबवणाऱ्यानं सद्भावनेनं काही केलं तर त्याच्यावर दावा नाही. म्हणजे हातगाडी उलटी करणारा सद्भावनेत आणि हातगाडीवाला गुन्ह्यात. मार्च २०२२ मध्ये गृहमंत्र्यांनी १८८ चे गुन्हे मागं घेण्याची घोषणा केली. बरं झालं. पण कलम गेलं नाही. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत २२३ हा आकडा लावून बसलंय.

पण त्याच १८९७ च्या कायद्यात दुसऱ्या कलमात आणखी एक ओळ आहे. उपाययोजनेचा खर्च, भरपाई द्यायची असल्यास तीही धरून, कोणी आणि कसा सोसायचा हे सरकारला ठरवता येतं. भरपाई! गोऱ्या साहेबाच्या कायद्यात हा शब्द होता. आपल्या साहेबांच्या आदेशात दिसला नाही.

दुसरा कायदा २००५ चा, आपत्ती व्यवस्थापनाचा. कोरोनाच्या काळात त्याचं कलम १२ काय म्हणत होतं? आपत्तीत सापडलेल्यांना किमान मदत किती द्यायची याची मार्गदर्शक तत्त्वं राष्ट्रीय प्राधिकरणानं सांगावीत. त्यात जीव गेल्यास मदत, घराचं नुकसान झाल्यास मदत, आणि उपजीविकेचं साधन पुन्हा उभं करायला मदत. एकाच वाक्यात तिन्ही. १४ मार्च २०२० ला केंद्रानं कोरोनाला आपत्ती मानलं, मृताच्या घरच्यांना चार लाख असं पत्र काढलं आणि त्याच दिवशी ते फिरवलं. लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२१ ला न्यायालयानं सांगितलं, मदत ठरवणं हे प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. मग ५० हजार ठरले. चार लाखांचे ५० हजार झाले, पण झाले. कारण कोणीतरी ते कलम घेऊन दार ठोठावलं. मग त्याच वाक्यातल्या उपजीविकेच्या शब्दांचं काय झालं? मेलेल्याची किंमत ५० हजार. आणि जिवंत राहून ज्याची रोजी मेली, त्याची?

याच कायद्यात सरकारनं कोणाची इमारत, गाडी बचावकार्यासाठी ताब्यात घेतली तर भरपाई देण्याचं कलम आहे. म्हणजे मालमत्ता घेतली तर पैसे. आणि माणसाचे राबायचे दिवस घेतले तर? ज्याच्याकडं दिवसाखेरीज दुसरी मालमत्ताच नाही, त्याचा दिवस फुकट.

कर्जाचंही तेच. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायला परवानगी दिली, ऑगस्टअखेरपर्यंत. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. आमच्या बायांनी गटाचं कर्ज काढून शिलाई मशीन घेतलेलं, शेळी घेतलेली. “हप्ता थांबला म्हनून खूश झालो, मंग मुद्दलच वाढून बसलं,” असं सांगणारी बाई मला एक नाही, दहा भेटल्या. आपत्तीच्या कायद्यात कलम १३ होतं. भीषण आपत्तीत कर्जफेडीत सवलत द्या, अशी शिफारस प्राधिकरणाला त्याखाली करता येत होती. कोरोनासारखी आपत्ती शंभर वर्षांत नव्हती. आणि २०२५ च्या दुरुस्तीनं ते कलमच कायद्यातून काढून टाकलं. वायनाडच्या दरडीत सगळं गमावलेल्यांच्या कर्जाचा प्रश्न केरळच्या उच्च न्यायालयात आला, तेव्हा केंद्रानं सांगितलं की ते कलम आता राहिलेलं नाही. शटर एका रात्रीत पडतं ते सगळ्यांना दिसतं. कायद्यातलं कलम पडतं त्याचा आवाजही होत नाही.

मग आपली भूमिका काय? ‘सगळं उघडा, रोगबिग काही नाही’ असं ओरडणाऱ्यांत आपण नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई राबत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन आल्या, आणि १० मार्चला त्याच रोगानं गेल्या. साथरोग कायदा होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. रँडवर गोळी झाडणाऱ्यांना इतिहासात मोठी अक्षरं मिळाली, पोर पाठीवर नेणाऱ्या बाईला बारीक. आपण त्या बारीक अक्षरांचे वारस. रोग खरा आहे हे आपल्याला कळतं, कारण रोगात पहिल्यांदा आपली माणसं मरतात. तेव्हा बंद ठेवायची वेळ आली तर ठेवू. पण बंदीचा खर्च ज्याच्या पदरात काही नाही त्याच्याकडून वसूल करायचा, हे चालणार नाही.

३१ ऑगस्ट २०२० ला पंढरपुरात मंदिर उघडा म्हणून प्रकाश आंबेडकर हजारो वारकऱ्यांबरोबर उभे राहिले. त्यावर आपल्यात बरीच भांडणं झाली. मी म्हणतो, विठोबा आठ महिने आत बसला तर त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दारातल्या बुक्का-माळा विकणाऱ्या बाईचं. मागणी तिच्या नावानं करा, देवाच्या नावानं कशाला?

मागण्या तीन. बंदीचा हुकूम निघेल त्याच कागदावर भरपाईचा आकडा पाहिजे, आणि बंदी वाढली तर आकडाही वाढला पाहिजे. नोंदणी नाही म्हणून कोणाला हाकलायचं नाही. खेड्यातला, बाजारातला, लग्नातला प्रत्येक धंदा धंदा म्हणून मोजला पाहिजे. आणि हप्ता थांबला तर व्याजही थांबलं पाहिजे; कलम १३ परत आलं पाहिजे.

आणि काम एकच. उद्यापासून प्रत्येक वस्तीत एक वही घाला. नाव, धंदा, रोजची कमाई, २०२० आणि २०२१ मध्ये किती दिवस हात बंद होते, किती कर्ज झालं, काय विकलं. सनईवाल्याचं नाव पहिलं लिहा. सरकार म्हणतं, तुमची नोंद नाही. ठीक आहे, आम्हीच करतो. घोषणा द्यायला अर्धा तास पुरतो, वही भरायला सहा महिने लागतील. पण न्यायालयात, विधानसभेत, कलेक्टरच्या टेबलावर वही आपटता येते, घोषणा नाही आपटता येत.

पोरांनो, पेन आणलेत का? मग खाली बसा. इथूनच सुरू करू.

जयभीम.