फिरणं एकटं बुडत नाही

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, ती आपल्याला आठवत असेलच. पहिली मुदत २१ दिवसांची होती; पुढे ती वाढत गेली. बागा बंद, तालमी बंद. पहाटे फिरायला निघालेल्या काही मंडळींना पोलिसांनी भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या. तेवढाच काय तो व्यायाम! जिथे प्राणाशी गाठ, तिथे फेरफटक्याचं काय घेऊन बसलात, असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं. पण फिरणं एकटं बुडत नाही, हेच मला आज सांगायचं आहे.

आमच्या शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ घ्या. मधुमेह जुना. रोज पहाटे साडेपाचला बाहेर पडत आणि सातला परत येत. ते थांबलं. लवकर उठायला कारण उरलं नाही, तेव्हा उठणं आठावर गेलं. उशिरा उठल्यावर रात्री झोप कशी येणार? मग बारा वाजेपर्यंत दूरचित्रवाणीवर रुग्णांचे आकडे पाहत बसायचं. जागरण म्हटलं की खाणं आलंच. चिवडा, फरसाण, आणखी एक कप चहा. सकाळची गोळी न्याहारीआधीची. न्याहारीच हलली, तशी गोळीही चुकू लागली. दोन महिन्यांत साखर चढली. त्यांनी ठरवून एकही वाईट सवय लावून घेतली नव्हती. एक खुंटी निखळली आणि तिच्यावर टांगलेलं सगळं खाली आलं.

यात नवल नाही. सकाळच्या उजेडावर शरीरातलं घड्याळ लागतं आणि त्यावर रात्रीची झोप अवलंबून असते. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. झोप अपुरी झाली की भूक वाढते, आणि ती भाजीभाकरीची नसते, गोडाची आणि तळलेल्याची असते.

जूनमध्ये त्यांच्या मुलीने त्यांना गच्चीवर धाडलं. वेळ तीच साडेपाचची, पायांत बूटही तेच. गच्ची लहान, त्यामुळे फेऱ्या मोजून कंटाळा येई. पण आठवड्याभरात झोप जागेवर आली आणि पाठोपाठ गोळीची वेळही. चिवड्याचा डबा मात्र इतक्या लवकर सुटला नाही!

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम श्रमाची हालचाल सुचवली. ती निदान दहा मिनिटं सलग असावी, ही जुनी अट त्या वेळी काढून टाकली. म्हणजे भरभर चढलेला जिना किंवा जोर लावून पुसलेली फरशीसुद्धा हिशेबात धरायला हरकत नाही. अर्थात हे सारं जिना आणि गच्ची असलेल्यांसाठी. त्याच दिवसांत शेकडो मैल पायी गावाकडे निघालेल्या मजुरांना चालण्याचे फायदे सांगायला मी धजणार नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. महाराष्ट्रात व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला, पुन्हा उघडल्या. त्या सुमाराला ‘आमच्या कसलेल्या अंगाला काय होतंय’ म्हणत मुखपट्टी खिशात ठेवणारे तरुण आपणही पाहिले असतील. दंड फुगलेला पाहून विषाणू काही मागे फिरत नाही. व्यायामाने झोप सुधारते, साखर आवरते. पण मुखपट्टीचं काम त्याला येत नाही आणि लसीचंही नाही. १ मार्च २०२१ पासून साठीवरच्यांना लस मिळू लागली, तेव्हा आमचे शेजारी सकाळच्या फेऱ्या पुऱ्या करून, मुखपट्टी लावून, रांगेत जाऊन उभे राहिले.