ऑडिटच्या कचेरीतली तीन वर्षे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला ‘वाणिज्य शाखेतील संधी’ हा विषय दिला होता. तो मी त्यांच्याकडून बदलून घेतला. संधींची यादी छापील पुस्तिकेतही मिळते. मला बोलायचे आहे ते सी. ए. होण्याआधीच्या त्या काळाविषयी, ज्यात घरच्यांना मुलगा धड कमावता वाटत नाही आणि धड विद्यार्थीही वाटत नाही. आपली मुले परीक्षेत जितकी गळतात तितकीच या काळात गळतात, असे मी पाहत आलो आहे.

नुसत्या परीक्षा देऊन कोणी सी. ए. होत नाही. व्यवसाय करणाऱ्या सी. ए.च्या हाताखाली ठरावीक मुदत उमेदवारी करावी लागते. तिला आर्टिकलशिप म्हणतात आणि ज्यांच्या हाताखाली ती करायची त्यांना प्रिन्सिपॉल. माझ्या वेळी ही मुदत तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आहे. या काळात पगार नसतो, विद्यावेतन असते. त्याची किमान रक्कम गावाच्या लोकसंख्येवरून ठरते, म्हणजे मुंबईच्या मुलाला जास्त आणि चंद्रपूरच्या मुलाला कमी. पालक पहिला प्रश्न विचारतात, “मिळतात किती?” माझ्या वालिदांनीही तोच विचारला होता. मी आकडा सांगितला, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. पूर्वी तर उमेदवारालाच प्रिन्सिपॉलांना प्रीमियम भरावा लागत असे. ते ऐकून त्यांचे समाधान झाले असे मात्र नाही.

अब्बा ट्रक चालवीत. गडचिरोलीच्या जंगलातून बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू आणायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ऑडिट म्हणजे काय हे मी त्यांना समजावू लागलो, तेव्हा त्यांनी सीटखालून वनखात्याचा वाहतूक परवाना काढून दाखवला आणि विचारले, “हा कागद तपासणारा नाक्यावरचा माणूस, तोच तू होणार का?” मी म्हटले, साधारण तेच.

१९९४ साली बी. कॉम. होऊन मी चंद्रपूरच्या एका कचेरीत रुजू झालो. पहिले सहा महिने मी फक्त व्हाउचर तपासले. रोजकीर्द समोर, व्हाउचरांची फाईल शेजारी, हातात हिरवी पेन्सिल. रक्कम जुळली की टिक. मला वाटले, यात शिकायचे काय आहे?

मार्चअखेर मूलकडच्या एका राईस मिलमध्ये साठा मोजायला पाठवले. दिवाणजींनी पोत्यांची थप्पी दाखवली : लांबीला वीस, रुंदीला आठ, उंचीला बारा. मी गुणाकार करून १९२० पोती लिहिली, चहा घेतला आणि परतलो. प्रिन्सिपॉलांनी विचारले, “वर चढला होतास?” मी चढलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी.ने पुन्हा पाठवले. वर चढून पाहतो तर मधली जागा पोकळ. कडेने पोती रचून आत रिकामे ठेवलेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझी सही त्या कागदावर होऊन चुकली होती.

मग त्यांनी मला तोच साठा दुसऱ्या बाजूने मोजायला शिकवले. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ देणे ठरलेले आहे. वर्षभरात किती धान आले, त्यावरून तांदूळ किती निघायला हवा, कनकी आणि कोंडा किती विकला गेला, विजेचे युनिट किती जळले, बारदाना किती आला, हे सगळे एकमेकांशी बोलले पाहिजे. पुस्तक एकट्याने खोटे बोलू शकते. पण विजेचे बिल आणि बारदान्याचा हिशेब त्याच्या बरोबरीने खोटे बोलवणे अवघड असते. हे कुठल्याही पुस्तकात मी वाचले असते तर परीक्षेनंतर विसरलो असतो.

दुसरी एक गोष्ट सांगतो, कारण ती इथल्या मुलांच्या कामाची आहे. बांबू कटाईच्या एका ठेकेदाराची हजेरीपत्रके आमच्याकडे आली होती. बेरजा बिनचूक, अंगठे जागच्या जागी. नागपूरहून आलेल्या आमच्या सीनियरने ती तपासून बाजूला ठेवली होती. मी सहज चाळली आणि थांबलो. त्या गावचा बाजार बुधवारी भरतो आणि बाजाराच्या दिवशी तिकडे कोणी जंगलात जात नाही, हे मला अब्बांबरोबर ट्रकमध्ये फिरून माहीत होते. हजेरीपत्रकात मात्र दर बुधवारी सर्व मजूर हजर! पुढे काय निघाले ते सांगण्याचा मला अधिकार नाही, अशिलाची माहिती बाहेर न सांगणे हाही उमेदवारीतलाच धडा. पण त्या दिवसापासून कचेरीत मला नुसते ‘अरे’ म्हणून हाक मारणे बंद झाले.

आता कटू भाग. दुसऱ्या वर्षी मी इंटरच्या एका ग्रुपमध्ये दोनदा नापास झालो. माझ्या बरोबरचा एक मुलगा सिमेंट कारखान्यात लोडिंगच्या हिशेबावर लागला होता आणि महिन्याच्या महिन्याला घरी रोख पैसे देत होता. नातेवाईक अब्बांना सांगू लागले, मुलाला ट्रकवर घ्या, नाही तर त्याच्यासारखे कुठे चिकटवा. अब्बा डगमगले, हे मी लपवत नाही. अम्मीने मात्र शेजारपाजारच्या रजया शिवायला घेतल्या आणि दर महिन्याला माझ्या विद्यावेतनात स्वतःचे पैसे घालून ते मिळून एका डब्यात ठेवू लागली. घरात आलेल्या प्रत्येकाला ती एकच आकडा सांगे. हा हिशेब खोटा होता, आणि ऑडिट करणारा मी तो वर्षभर पास करीत होतो.

पालकहो, म्हणून मी तुम्हाला ‘धीर धरा’ एवढेच सांगत नाही. फॉर्म भरतानाच त्या दोन वर्षांचा घरखर्च मांडा. कोण किती देणार, नापास झाला तर आणखी किती दिवस ओढता येईल, हे मुलादेखत ठरवा. इन्स्टिट्यूटच्या फीपेक्षा हे ओझे मोठे असते आणि त्याची तरतूद कोणी करीत नाही.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी असते. आज माझ्याकडे शिकणाऱ्या उमेदवारांत मुली आहेत. एका वडिलांनी मला विचारले, “अहेरीला ऑडिट असेल तर ती जाणार कशी?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की माणसे दोघे-तिघे मिळून जातात, तारखा आधी ठरतात, आणि उशीर होणार असेल तर मी स्वतः घरी फोन करतो. आर. शिवभोगम या बाई १९३३ साली देशातल्या पहिल्या महिला हिशेबतपासनीस झाल्या. मग आपल्या मुलींनी अजून किती थांबायचे?

कामाला तोटा नाही, आणि ते फक्त कारखान्यांचेच आहे असे समजू नका. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. ज्या परवान्यासाठी अब्बा वनखात्याच्या दारात ताटकळत, तो आता गावच देते! त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर मुन्शीने लिहिलेला आकडा आणि तोडणाऱ्या बाईच्या कार्डावरचा आकडा जुळला पाहिजे. लाखांचे व्यवहार गावातली पोरे वहीत लिहितात. त्यांना हिशेब दाखवणारा, तपासून देणारा माणूस जवळपास हवा असतो.

शेवटी आपल्या घरातली गोष्ट. उमेदवारीच्या तिसऱ्या वर्षी आपल्याच समाजाच्या एका वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे ऑडिट माझ्याकडे आले. संस्थेचे नाव सांगत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते. खजिनदार वयोवृद्ध, कापडाचे व्यापारी, नमाजी आणि निष्कलंक माणूस. पण जकात, इमारत निधी, वर्गणी, सगळे एकाच पिशवीत. माझे प्रिन्सिपॉल हिंदू. त्यांनी मला विचारले, “ही जकात इमारतीच्या खर्चात कशी?” मला नीट उत्तर देता आले नाही. मी इमाम साहेबांकडे गेलो. त्यांनी सांगितले की जकातीचे हक्कदार कुराणात आठ प्रकारचे नेमून दिले आहेत आणि बहुतेक उलेमा ती इमारतीवर खर्चू देत नाहीत. जाता जाता हेही सांगितले की कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरे बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लहानपणी मी ती पाठ केली होती. अर्थ मला ऑडिटने विचारायला लावला.

मी खजिनदार साहेबांकडे पावत्या मागितल्या. ते म्हणाले, “मियाँ, तुम्हारे अब्बा के निकाह में मैं गवाह था. आणि तू माझ्याकडे हिशेब मागतोस?” मी खाली मान घालून बसलो, पण उठलो नाही. तीन संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसून बँकेचे पासबुक आणि पावत्यांच्या स्थळप्रती ताडून पाहिल्या. एक पावती पुस्तक सापडलेच नाही, आणि अहवालात तसा शेरा गेला. पुढे कित्येक महिने त्यांनी अब्बांचा सलाम घेतला नाही.

पुढच्या वर्षी माझी मुदत संपत आली असताना ते स्वतः कचेरीत आले. हातात दोन पावती पुस्तके, जकातीचे हिरव्या पुठ्ठ्याचे आणि बाकीच्या जमेचे लाल. पिशवीत सगळे कागद तारखेप्रमाणे टाचणी लावून. सर्वांत वर वसतिगृहासाठी घेतलेल्या काडेपेट्यांच्या पुड्याची चिठ्ठी होती. ती माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, “टिक मार.”