घरघर टायरची की बेअरिंगची?

चाकातून घरघर ऐकू येऊ लागली की अनेक जण थेट नवे टायर घेतात. माझं म्हणणं असं, की खर्चाआधी तो आवाज कशामुळे बदलतो ते पाहावं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर येताच आवाज एकदम बदलला, तर तो बहुधा टायरचा. रस्ता बदलूनही घरघर तशीच राहिली आणि लांब वळणावर कमीजास्त झाली, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा डावीकडचं बेअरिंग झिजलेलं असतं. ते सैल होत गेलं तर चाकच धोक्यात येतं, म्हणून इथे चालढकल अजिबात नको.

कुणी म्हणेल, कानावर इतका भरवसा कसा ठेवायचा? शंका रास्त आहे. बंद गाडीत आवाजाची दिशा फसवते. म्हणून गाडी थांबवून, टायरच्या तारा उघड्या पडल्या नाहीत ना हे बघून, त्यावरून आडवा हात फिरवावा. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेलं असतं. जागोजागी खळगे लागले, तर शॉक अब्सॉर्बर तपासावेत. अलाइनमेंट करूनही आवाज जात नाही, अशी तक्रार असते. पण झिजलेलं रबर भरून येत नाही, त्यामुळे तो काही काळ राहतोच. तरीही उलगडा झाला नाही, तर पुढची-मागची चाकं अदलाबदल करून घ्यावीत. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली, तर गॅरेजमध्ये गाडी उचलून बेअरिंग तपासायला सांगावं.