गर्दीतली सुरक्षितता : जबाबदारी कोणाची?

(मोडनिंब येथील सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी कोणी म्हणेल, गोळीबार मुंबईत झाला, मोडनिंबला त्याचे काय? त्याचे उत्तर आपल्या प्रवासातच आहे. आपला माणूस कुर्डुवाडीला गाडी धरतो आणि मुंबईला उतरतो. परतताना सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट पाहत बोरीबंदरच्या मोठ्या दालनात पिशवी उशाशी घेऊन बसतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री असेच गोरगरीब प्रवासी तेथे बायकामुलांसह बसले होते. रात्री साडेनऊनंतर अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोघे एके-४७ बंदुका व हातबाँब घेऊन शिरले. एकट्या त्या स्थानकात पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली. त्या हल्ल्यात मुंबईत एकूण १६६ जणांचे प्राण गेले. मृतांत हिंदू होते, मुसलमान होते. गोळीने कोणाची जात विचारली नाही.

बंधूंनो, त्या रात्री स्थानकावर पोलीस नव्हते असे नाही. परंतु कोणाच्या हाती लाठी, तर कोणाच्या हाती जुनी रायफल. तरीही ते मागे हटले नाहीत. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथेच धारातीर्थी पडले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातात घट्ट धरली, अंगावर गोळ्या झेलल्या, पण ती सोडली नाही. म्हणूनच कसाब जिवंत सापडला. राष्ट्राने ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले.

मला आज विशेष सांगायचे आहे ते विष्णू झेंडे यांच्याविषयी. हे रेल्वेचे उद्घोषक. गाडी कोणत्या फलाटावर येते हे सांगणे त्यांचे रोजचे काम. मोठा आवाज ऐकून त्यांना प्रथम स्फोट झाला असे वाटले. पुढे बंदूकधारी दिसताच त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना वारंवार बजावले की इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्यांच्या खोलीच्या दिशेने गोळी आली, तरी त्यांनी उद्घोषणा थांबवली नाही. असंख्य प्रवासी त्यामुळे वाचले. त्यांच्याजवळ हत्यार नव्हते. बाहेर पडण्याची वाट त्यांना ठाऊक होती आणि त्यांचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचत होता.

पुढे शासनाने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ‘फोर्स वन’ हे खास पथक उभे राहिले. हे आवश्यकच होते. परंतु २००८ मध्ये दिल्लीहून कमांडो मुंबईत पोहोचायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली होती. मग मोडनिंबच्या मंडपात काही अघटित घडले, तर पहिली दहा मिनिटे कोणाची? ती तेथे हजर असलेल्यांचीच!

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. सन २००८ साली हा दिवस हल्ल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी आला होता. अशा गर्दीत समता सैनिक दलाचे सैनिक वाट दाखवतात, रांग सांभाळतात. तीच शिस्त आपल्या गावच्या जयंतीत का नसावी? मंडपाला किमान दोन वाटा असाव्यात आणि त्या खुर्च्यांनी, दुचाक्यांनी अडवू नयेत. वीज गेली तरी चालेल असा बॅटरीवरचा भोंगा हवा. माईकजवळ एक शांत डोक्याचा माणूस सतत असावा. संकटात ‘पळा, पळा’ असे ओरडले तर चेंगराचेंगरी होते. ‘शाळेच्या बाजूने बाहेर पडा’ असे ठिकाण सांगितले तर माणसे वाचतात. ११२ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ हवा. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे, हे आपल्या महिला मंडळालाही शिकवू या.

आणखी एक गोष्ट. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत हौसेने बंदुकीचा बार काढणारे आपल्या देशात आहेत. वर उडालेली गोळी खाली येतेच. सन २०१९ च्या कायदादुरुस्तीने अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. परवाना मिळाला म्हणजे मिरवण्याची मुभा मिळाली असे नव्हे. अशा वरातीत टाळ्या वाजवू नका, त्या माणसाला तेथेच थांबवा.

शेवटी एक विनंती. तपासणी व्हावी, पण ती सर्वांची सारखी व्हावी. गाडीतून उतरणाऱ्याला सलाम आणि मळक्या धोतराची झडती, याला सुरक्षा म्हणत नाहीत. ज्याचा पदोपदी अपमान होतो, तो संशयास्पद वस्तू दिसली तरी पोलिसांना सांगायला धजत नाही. ज्याच्याशी माणुसकीने वागले जाते, तोच जागा पहारेकरी होतो.

येत्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबाआधी मंडपाच्या दोन वाटा ठरवा आणि माईकजवळ कोण थांबणार त्याचे नाव लिहून ठेवा, एवढेच सांगून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम!